आपलं गाणं, चार ट्रॅक आणि एक कागद
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



दहावीच्या गॅदरिंगला आपण वाजवलेलं गाणं नीट रेकॉर्ड करून 'सिंगल' म्हणून बाहेर काढायचं, अशी चर्चा आपल्या ग्रुपवर गेले काही महिने चालू आहे. मी साउंडच्या धंद्यात, म्हणून बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मघाशी चहा घेताना सरांनी विचारलं, "सिंगल म्हणजे रे काय?" सर, पूर्वी सात इंची छोटी तबकडी यायची, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. इंग्लंड-अमेरिकेत पॉप आणि रॉकवाले असं एकेक गाणं विकूनच मोठे झाले. आपल्याकडं गाणी सिनेमातून यायची आणि कॅसेट भरायला आठ-दहा गाणी लागायची. त्यामुळं सुट्या गाण्याचा बाजार फारसा उभा राहिला नाही. मोबाइल आला आणि एकटं गाणं पुन्हा बाजारात आलं.

पण "आता काय, मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकू" असं जे म्हणतात, त्यांना मी गोव्याची एक गोष्ट सांगतो. शिवोलीचे रेमो फर्नांडिस. मुंबईत आर्किटेक्चर शिकलेले, युरोप-आफ्रिकेत भटकून आलेले. गोव्यातला माणूस स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी गातो, याला तेव्हा कंपन्यांकडं गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी 1984 साली घरीच 'गोवन क्रेझी' ही कॅसेट केली. गाणी त्यांची, सगळी वाद्यं त्यांनी वाजवलेली, आवाज त्यांचा, मिक्सिंग त्यांचं, कव्हरसुद्धा त्यांनीच काढलेलं. आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन त्यांनी ती स्वतः पोचवली. तीन वर्षांनी 'जलवा' सिनेमाच्या गाण्यानं तो आवाज देशभर गेला, 2007 ला पद्मश्री मिळाली. पण मला विचाराल तर खरा पराक्रम त्या स्कूटरचा.

त्यांच्याकडं होतं चार ट्रॅकचं पोर्टास्टुडिओ मशीन. हे 1979 पासून मिळायला लागलं. आपल्या साध्या कॅसेटवरच चार वेगवेगळे आवाज एकाच दिशेनं भरायचे, आणि दर्जा राहावा म्हणून टेप दुप्पट वेगानं पळवायची. अमेरिकेच्या ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982 चा 'नेब्रास्का' अल्बमही घरच्या घरी अशाच मशीनवर झाला. आता चारापेक्षा जास्त वाद्यं असली तर काय? तीन ट्रॅकवर ताल, बास, गिटार भरायची, तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायची, की तीन ट्रॅक मोकळे. मात्र एकदा उतरवलं की बास कमी वाटला म्हणून मागं जाता येत नाही. शिवाय दर खेपेला टेपची खरखर वाढते. म्हणून वाजवायच्या आधीच गाणं डोक्यात पक्कं असावं लागायचं.

आज माझ्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक बसतात. त्यामुळंच शंभर वेळा विचार बदलतो आणि गाणं संपतच नाही! आपण आपल्यावर चार ट्रॅकचं बंधन घालून घेऊया असं माझं म्हणणं आहे. ढोलकी, बास, बेंजो, आवाज. गिटार कोरसबरोबर बसवू. बेंजो काढायचा नाही, हे मी आत्ताच सांगतो. रॉकच्या गाण्यात बेंजो कशाला, असं पुण्यातल्या आपल्या एका मित्रानं ग्रुपवर लिहिलं होतं. अरे भावा, कोल्हापूरच्या मिरवणुकीत बेंजो वाजला की लोकांचे पाय आपोआप हलतात, याहून वेगळं रॉक काय असतं?

रेकॉर्डिंग उचगावातच करू. अडचण एकच, हायवेच्या ट्रकचा आणि रेल्वेचा आवाज. ढोलकी आणि बेंजोला तो फारसा बाधत नाही, कारण बेंजोची वायर सरळ मशीनला जाते. आवाज मात्र रात्री बारानंतर घ्यावा लागेल. गांधीनगरातून जाड पडद्याचं कापड आणू, आतून घरच्या गोधड्या टांगू. महागड्या फोमइतकं नाही, पण खोलीचा घुमारा चांगला खातं. माइकसमोर गोधडी नव्हे, गाणाऱ्याच्या पाठीमागं गोधडी. बहुतेक जण उलटं करतात.

आता बाहेर काढायचं काम. एखाद्या वितरकाकडून गाणं सगळ्या ॲपवर जातं. त्याला बारा अक्षर-आकड्यांचा एक कोड मिळतो, गाण्याचा आधार नंबरच म्हणा. जगभर नवीन गाणी शुक्रवारी येतात, आपणही शुक्रवार धरू आणि तीन-चार आठवडे आधी फाइल देऊ. फॉर्मवर रकाने असतात: गायक, संगीतकार, गीतकार. इथं मला जरा थांबायचंय.

1949 च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. ते सिनेमातल्या पात्राचं नाव! कोण गातंय म्हणून श्रोत्यांनी रेडिओला विचारलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. त्याच लताबाई काही वर्षं आधी मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये, आपल्या कोल्हापुरात, काम करत होत्या. एवढ्या मोठ्या आवाजाचं नाव गळू शकतं, तर आपलं काय?

आपलं गाणं ज्यानं लिहिलं तो आज इथं नाही. वहिनी आल्यात, त्यांच्याकडं त्याची वही आहे. कायद्यानं गीतकाराचा हक्क त्याच्या पश्चात साठ वर्षं राहतो आणि तो वारसांकडं जातो. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. हक्क द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाचच वर्षं धरतात. "आपल्याआपल्यात कशाला कागद" असं कुणीतरी म्हणेल. आपल्याआपल्यात आहे म्हणूनच आजच करू. पैसे येतील ते चहापाण्यापुरते, वहिनी, हे मी आधीच सांगतो. पण पहिला रकाना त्याच्या नावाचा असेल, आणि जे येईल त्यातला त्याचा वाटा थेट तुमच्या खात्यावर जाईल.

चालीचे दावेदार मात्र पाच आहेत. त्या पाचांनी जेवणानंतर व्हरांड्यात बसावं आणि टक्के ठरवून मला सांगावं; मी कागद आणलेत. बेंजोवाल्यानं पुढच्या रविवारी तारा बदलून यावं, जुन्या तारांचा आवाज माइकमध्ये लगेच कळतो. आणि बाई, कोरसमध्ये तुम्ही हव्यात. प्रार्थनेला आमच्या रांगेतला बेसूर कोण, हे तुम्हाला न बघता कळायचं. तो अजून बॅचमध्ये आहे.