जमिनीलगत, सावकाश

मोटारगाडीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीत स्वतःच्या हाताने फेरफार करणाऱ्यांची हकीकतही याच अंगाने लिहिली गेली आहे. कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या फोर्ड गाड्यांवरील अनावश्यक पत्रा काढून टाकीत, इंजिनाची शक्ती वाढवीत आणि मुरोकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पळवीत. १९३७ साली त्यांच्या मंडळांचा संघ स्थापन झाला. १९४८ साली ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले. या व्याख्यानाचा विषय मात्र त्याच राज्यात वाढलेली दुसरी परंपरा हा आहे. ‘लोरायडर’ या नावाने ओळखली जाणारी तिची गाडी पळविण्यासाठी नव्हतीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजलिसमधील मेक्सिकन वंशाच्या तरुणांना जुनी शेव्हरोले परवडू लागली. त्याआधी, १९४३ साली, लांब कोट व सैल विजारी घालणाऱ्या याच समाजातील मुलांना सुटीवर आलेल्या खलाशांनी व सैनिकांनी शहराच्या रस्त्यांवर गाठून झोडपले होते, त्यांचे कपडे उतरविले होते. नटूनथटून चारचौघांत दिसणे हाच ज्यांचा अपराध ठरला, त्यांनी पुढे गाडीही नटवावी आणि ती सर्वांना नीट पाहता येईल अशा बेताने चालवावी, यात नवल ते काय?

आरंभीचे उपाय साधे होते. कोणी डिकीत वाळूची पोती भरी, कोणी स्प्रिंगची वेटोळी कापून आखूड करी, तर कोणी पाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळे बसवी. गाडी रस्त्याला जवळजवळ टेके. मग रविवारी संध्याकाळी व्हिटियर बुलेव्हार्डवरून ती माणसाच्या चालीने निघे.

१९५८ च्या आरंभी राज्यात एक नियम अमलात आला. फेरफार केलेल्या गाडीचा, चाके वगळता, कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये, असे त्याने ठरविले. सुरक्षिततेचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. वेटोळी कापलेली स्प्रिंग खड्ड्यात दगा देऊ शकते. परंतु या नियमामुळे विशिष्ट वस्तीतील विशिष्ट गाडी केव्हाही अडविण्याचे निमित्त पोलिसांच्या हाती आले, हेही तितकेच खरे.

यावरचे उत्तर विमानाच्या भंगारातून मिळाले. सान बर्नार्डिनोच्या रॉन अगीरे याने १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानातील तेलदाबाचे पंप व झडपा बसविल्या. रचना समजण्यास अवघड नाही. बॅटरीवर चालणारा पंप तेल दाबाखाली चाकाजवळच्या नळकांड्यात ढकलतो; आतला दट्ट्या सरकतो आणि गाडीचा सांगाडा वर उचलला जातो. तेल परत सोडले की गाडी खाली बसते. पोलीस समोर दिसला की चालकाने स्विच दाबावा, गाडी नियमाच्या उंचीवर यावी. तो गेला की पुन्हा जमिनीलगत! पुढे डिकीत बॅटऱ्यांची रांगच बसविली जाऊ लागली आणि गाड्या जागच्या जागी उड्या मारू लागल्या. त्यात थोडा पोरकटपणा आहे, पण प्रेक्षक जमतात ते त्याच्यासाठीच.

गाडी सजविण्याच्या कामात मात्र पोरकटपणा नाही. चकाकत्या धातुवर्णी थरावर अर्धपारदर्शक रंगाचे अनेक हात, प्रत्येक हातानंतर वाळविणे व घासणे, शेवटी वार्निश, असे हे काम महिनोन्‌महिने चाले. ‘इंपीरियल्स’ मंडळाचे हेसूस ऊर्फ जेसी वालादेस यांची ‘जिप्सी रोझ’ ही १९६४ ची इंपाला अंगभर गुलाब ल्यालेली आहे. आत गुलाबी मखमल आणि छताला झुंबरे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘चिको अँड द मॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या आरंभी ती देशभर दिसू लागली.

न्यू मेक्सिकोतील चिमायो गावच्या डेव्हिड हारामियो याचे स्वप्न मात्र अर्धेच राहिले. आपली १९६९ ची फोर्ड तो सजवीत असतानाच १९७८ साली अपघातात त्याचा मृत्यू झाला. गाडी विकून टाकण्याऐवजी कुटुंबीयांनी ती पूर्ण केली. ‘डेव्हज ड्रीम’ या नावाने ती १९९० साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात दाखल झाली.

तिकडे कॅलिफोर्नियात १९७९ मध्ये पोलिसांनी व्हिटियर बुलेव्हार्ड शनिवार-रविवारी या गाड्यांना बंद केला होता. पुढे राज्याने नगरपालिकांना अशी सावकाश फेरी रोखण्याचे अधिकार दिले. नॅशनल सिटीने १९९२ साली ती मना केली. ‘जिप्सी रोझ’ २०१७ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून राजधानीत काचेच्या पेटीत मांडली गेली, तेव्हाही तिच्या राज्यात उंचीचा तो जुना नियम पुस्तकात होताच. मंडळांतील स्त्रीपुरुष वर्षानुवर्षे नगरपालिकांच्या सभांना जात राहिले. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यपालांनी नव्या विधेयकावर सही केली, आणि १ जानेवारी २०२४ पासून उंचीचा नियम व फेरीवर बंदी घालण्याचा नगरपालिकांचा अधिकार, दोन्ही रद्द झाले.