वस्त्रोद्योग संशोधन केंद्र : प्रश्न कोणाचे?



वस्त्रोद्योगाला साह्यभूत होईल असे संशोधन केंद्र विद्यापीठात असावे, या कल्पनेला विरोध करणारा माणूस सहसा सापडत नाही. कारखानदार, सरकारी अधिकारी, कुलगुरू, कामगार पुढारी असे सारेच माना डोलावतात. ज्या प्रस्तावाला कोणाचाच विरोध नसतो तो अधिक बारकाईने तपासावा लागतो. 'उद्योगाला साह्य' असे म्हणताना उद्योग म्हणजे नेमके कोण, हे न सांगताच पुढे जाता येते. आणि एकदा इमारत उभी राहिली, नियामक मंडळ नेमले गेले, की तो प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

विद्यापीठ उद्योगाच्या खरोखर उपयोगी पडू शकते काय, ही शंका मात्र मुंबईत तरी शिल्लक राहू नये. कापसाच्या तंतूंची शास्त्रीय परीक्षा करणारी प्रयोगशाळा माटुंग्याला १९२४ साली निघाली, आणि १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उघडला. वस्त्ररसायन हा त्या विभागाचा पहिल्या दिवसापासूनचा विषय होता. १९३८ साली डॉ. के. वेंकटरामन यांच्याकडे त्याची सूत्रे आली. कृत्रिम रंगद्रव्यांवरील त्यांचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला. विलायतेहून डबाबंद रंग आणून कापड रंगविणाऱ्या या देशात स्वतःचा रंगउद्योग उभा राहिला, त्याचे पुष्कळसे श्रेय या विभागातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचे आहे. २००८ साली हा विभाग स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला. हे सारे अभिमानास्पद आहे. त्याला उणे लेखण्याचे कारण नाही.

परंतु याच शहराने दुसरीही एक गोष्ट शिकविली आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्यामागच्या कारणांत 'कार्यक्षमता योजना' हे मोठे कारण होते: दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावे, अशी ती योजना. संपानंतर फॉसेट समिती बसली, साक्षी झाल्या, अहवाल निघाला. तज्ज्ञाच्या वहीतील कार्यक्षमतेचे कोष्टक विणकराच्या वाट्याला तिसरा माग म्हणून येते, आणि त्याच्या शेजाऱ्याच्या वाट्याला बेकारी म्हणून. कोष्टकातील आकडे बरोबर असतीलही, पण तो तिसरा माग कोणत्या मजुरीवर, किती तास आणि कोणत्या दर्जाच्या सुतावर चालवायचा, हे कोष्टक सांगत नसते.

स्वातंत्र्यानंतर संशोधनाची जबाबदारी मुख्यतः उद्योगाच्याच संशोधन संस्थांनी उचलली. अहमदाबादला १९४७ साली, मुंबईला १९५४ साली आणि कोइमतूरला १९५६ साली अशा संस्था निघाल्या. सभासद गिरण्यांची वर्गणी आणि सरकारचे अनुदान, असा त्यांचा पाया होता. अहमदाबादच्या संस्थेच्या उभारणीत कस्तुरभाई लालभाई आणि विक्रम साराभाई यांचा वाटा होता. तेथे तंतू व यंत्रे यांच्याबरोबर माणसांच्या परस्परसंबंधांचाही अभ्यास होई, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. त्याच शहरातील कॅलिको गिरणीत १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले. गिरणीने स्वयंचलित माग बसविले होते, तरी उत्पादन वाढत नव्हते आणि कापड खराब होत होते. राइस यांनी यंत्राकडे न पाहता कामाच्या वाटणीकडे पाहिले. डझनभर प्रकारची कामे वेगवेगळ्या माणसांना वाटून दिली होती आणि कोणालाच एका मागसमूहाची पुरती जबाबदारी नव्हती. छोटे गट करावेत, प्रत्येक गटाने ठराविक मागांचे सर्व काम सांभाळावे, असे सुचविण्यात आले. कामगारांनी आपले गट आपणच जुळविले. उत्पादन वाढले, खराबी घटली. नवे यंत्र एकही आणावे लागले नाही. संशोधन केंद्र म्हटले की ज्यांच्या डोळ्यांसमोर केवळ परदेशी उपकरणांची यादी येते, त्यांनी हे उदाहरण पुन्हा एकदा वाचावे.

या संस्थांचे आधार पुढे खचले, कारण त्यांचे वर्गणीदारच खचले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याची कहाणी येथे सांगण्याची आवश्यकता नाही. अहमदाबादच्याही बहुतेक जुन्या गिरण्या पुढील काही वर्षांत बंद पडल्या. कापड मात्र विणले जातच होते. ते भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथे यंत्रमागांवर विणले जाऊ लागले, आणि आज देशातील निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर निघते. संशोधनाच्या दृष्टीने येथेच खरा पेच आहे. गिरणीला संशोधन संस्थेची वर्गणी परवडत होती. आठ माग असलेला खर्चीवाला यंत्रमागधारक ती कोठून देणार? सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. याच्या हाती केवळ मीटरमागे मिळणारी मजुरी. त्यातूनच विजेचे बिल, जॉबर, कांडीवाला आणि कामगार यांचे पैसे भागवायचे. शिवाय एखादी सुधारणा त्याने स्वतःच्या खर्चाने शोधून काढलीच, तर आठ दिवसांत सारी गल्ली ती उचलते. हजारो लहान घटकांत विखुरलेला उद्योग स्वतःहून संशोधन करणार नाही, हे अर्थशास्त्राचे अगदी प्राथमिक सूत्र आहे. सार्वजनिक पैशाने चालणारे विद्यापीठ येथे हवे ते एवढ्यासाठी. ज्यांना सल्लागार नेमता येतो त्यांच्यासाठी विद्यापीठाने आपली दारे उघडण्यात विशेष पुरुषार्थ नाही.

इचलकरंजीचेच उदाहरण घ्यावे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग आणला. संस्थानाधिपती नारायणराव घोरपडे यांचा त्याला आश्रय होता. आज लाखाच्या घरात माग असलेले हे गाव कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर आहे. गावात वस्त्रतंत्राचे शिक्षण देणारे महाविद्यालय १९८२ पासून आहे. म्हणजे माग आहेत, पदवीधर आहेत, विद्यापीठ आहे. या तिघांना जोडणारा धागा तेवढा विरळ आहे. १९९९ साली केंद्र सरकारने तंत्रज्ञान सुधारणेसाठी कर्जाच्या व्याजावर सवलत देणारी योजना आणली आणि वेगवेगळ्या रूपांत ती २०२२ पर्यंत चालली. बिनधोट्याचे माग आले. त्यांतले बहुतेक परदेशांतून. सरकारी तिजोरीतील पैसा यंत्रे विकत घेण्यास खर्च झाला; यंत्राचा विचार करणारी माणसे तयार करण्यास त्यातला किती अंश खर्च झाला, हे विचारणे उद्धटपणाचे ठरू नये. ज्याला कर्ज मिळाले त्याने नवा माग घेतला. खर्चीवाला जुन्या धोट्याच्या मागावरच राहिला आणि त्याला दर नव्या मागाशी स्पर्धा करणारा मिळू लागला.

त्या जुन्या मागासाठी करण्याजोगे काम थोडेथोडके नाही. सायझिंगमध्ये खळ थोडी कमीजास्त झाली की ताणा तुटतो. तुटलेला धागा सांधण्यात गेलेल्या वेळेची मजुरी मीटरच्या हिशोबात येत नाही. ताण्याची ही तूट कमी करणे हा भौतिकशास्त्राचा विषय आहे आणि मजुरीचाही. मागांच्या शेडमध्ये उभे राहून शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. वर्षानुवर्षे बारा-बारा तास तेथे काढणाऱ्याच्या कानांचे काय होते, याची पद्धतशीर नोंद ठेवायला हवी. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा विकार, बिसिनोसिस, कायद्याच्या यादीत आहे. परंतु माग लहान लहान घटकांत विभागून कारखाना कायद्याबाहेर ठेवलेले असले, तर त्या यादीचा कामगाराला उपयोग काय? श्वास मोजण्याचे साधे यंत्र घेऊन वैद्यकाचे विद्यार्थी शेडमध्ये गेले, तर ते संशोधन प्रयोगशाळेतील संशोधनाहून हलके ठरत नाही.

पाण्याचा प्रश्न तर टाळताच येणार नाही. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग बसविण्यासाठी भरपूर मीठ लागते. ते सांडपाण्यात उतरते आणि नेहमीच्या जैविक शुद्धीकरणाने निघत नाही. तमिळनाडूत तिरुप्पूरला नोय्यल नदीची जी अवस्था झाली तिच्यामुळे जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. नदीकाठच्या शेतकऱ्यांची तक्रार रास्त होती. एका दिवसात काम गेलेल्या रंगाई कामगारांचीही रास्त होती. कमी मिठात रंग कसा बसवावा, या प्रश्नावर वीस वर्षे आधी पैसे खर्च झाले असते, तर या दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे राहावे लागले नसते. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना हे अधिक विस्ताराने सांगायला नको.

एका गैरसमजापासून मात्र सावध राहिले पाहिजे. उपयुक्ततेचा हा आग्रह धरताना मूलभूत विज्ञानाला बाहेर बसवू नये. इंग्लंडमध्ये लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज हे दोन शास्त्रज्ञ लोकरीतील अमिनो आम्ले वेगळी करण्याच्या खटपटीत होते. त्यातून १९४१ साली पृथक्करणाची जी नवी रीत निघाली तिला १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढे साऱ्या जीवरसायनाचे ती एक हत्यार झाली. लोकरीच्या व्यापाऱ्याने दर महिन्याला हिशोब मागितला असता तर ते काम बहुधा अर्ध्यावरच बंद पडले असते.

तेव्हा असे केंद्र निघाले, तर पहिला वाद त्याच्या नियामक मंडळावरून व्हावा. त्यात यंत्रमाग कामगारांच्या संघटनेला आणि खर्चीवाल्यांना मतासह जागा असावी; निमंत्रित म्हणून मागच्या खुर्चीवर नव्हे. अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी तंत्रज्ञांबरोबर बसावे. खाजगी कंपनीने पैसे दिले तरी निष्कर्ष दडवून ठेवण्याचा अधिकार तिला नसावा. आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकांत छापून थांबू नये: इचलकरंजीसाठी ते मराठीत यावेत, मालेगाव-भिवंडीसाठी उर्दूत, सोलापूरच्या पद्मशाली विणकरांसाठी तेलुगूत. केंद्राच्या आवारात आठ जुने धोट्याचे माग असलेली एक शेड असावी, आणि तेथे काम करणाऱ्या विणकराला प्रयोगशाळा साहाय्यकाइतका पगार मिळावा.