संगणक टी.व्ही.ला जोडला त्याची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. असे उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. चिटणीसबाईंचा आग्रह, म्हणून सांगते.

२०२४ च्या मार्गशीर्षात बेंगळूरला आमच्या वन्सांच्या नातवाचे बारसे होते. सासूबाईंचा पाय मोडलेला, जाणे अशक्य. पणतूचे तोंड पाहायचे म्हणून त्या रोज डोळ्यांत पाणी आणीत. मोबाइलवर दाखवावे, तर मोतीबिंदूमुळे एवढेसे चित्र त्यांना दिसेना. मुलगा परगावी शिकायला. त्याचा जुना लॅपटॉप घरी होता. तो टी.व्ही.ला जोडू का, विचारले, तर म्हणतो, "आई, तुला नाही जमायचे." झाले! मी हट्टाला पेटले.

दुकानात नुसते 'तार द्या' म्हटले. त्याने निळ्या टोकाची, पंधरा टाचण्यांची दिली. घरी पाहते तो टी.व्ही.ला तसले भोकच नाही! शिवाय तिच्यातून चित्रच जाते, आवाज जात नाही. दुसऱ्या खेपेस दोन्हीकडच्या भोकांचे फोटो नेले, तेव्हा एच.डी.एम.आय. तार मिळाली. हिच्यातून चित्र, आवाज दोन्ही जातात. हिचे टोक एका अंगाला निमुळते असते, उलटे बसत नाही. बळ लावू नये.

जोडली, तरी पडदा काळाच. पहिल्या भोकात केबलचा डबा, माझी तार दुसऱ्यात, टी.व्ही.ला ते कळणार कसे? रिमोटवरचे 'सोर्स' बटण दाबून दुसरे निवडले. मग लॅपटॉपवर खिडकीच्या चित्राची कळ धरून 'पी' दाबावी, आणि 'डुप्लिकेट' निवडावे, म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र येते. 'एक्स्टेंड' केले तर टी.व्ही.वर नुसता मोकळा पडदा दिसतो. त्यात माझी अर्धी दुपार गेली. आवाज तरी लॅपटॉपमधूनच येत होता. खालच्या उजव्या कोपऱ्यात कर्ण्याचे चित्र असते, तेथून टी.व्ही.चे नाव निवडले. हे सारे आदल्या दिवशी केले म्हणून बरे, नाहीतर बारसे उरकून गेले असते.

बारशाच्या वेळी पाळणा चांगला हातभर दिसू लागला. सासूबाई टी.व्ही.कडे तोंड करून बोलत, आणि तिकडच्यांना दिसे त्यांचा कान! कॅमेरा लॅपटॉपला असतो ना. मग लॅपटॉप स्टुलावर, टी.व्ही.च्या पुढ्यातच मांडला. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सूनबाई, जिवणी थेट ह्यांचीच गं!" आमच्या मामंजींना जाऊन बरीच वर्षे झाली.

ज्यांच्याकडे जुना डब्याचा टी.व्ही. आहे, लाल, पांढऱ्या, पिवळ्या भोकांचा, त्यांना मध्ये एक छोटी बदलपेटी घ्यावी लागेल. इतरांनी माझी तार न्यावी. मात्र तीन मीटरांचीच आहे, आणि आठवणीने परत आणावी.