पिशवी काढली, मुख राहिले काय?



माझा व्यवसाय वकिलीचा, वैद्यकाचा नव्हे. तरीही आज मी गर्भाशयाच्या मुखाविषयी बोलणार आहे. ज्या विषयाची लाज बाळगून आपण गप्प बसतो, नेमक्या त्याच विषयात आपल्या भगिनी नाडल्या जातात.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांवरील शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला २०१९ साली समिती नेमावी लागली, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच भागातील एक बाई माझ्याकडे आल्या. शस्त्रक्रियेनंतरही रक्त दिसते म्हणून त्या धास्तावल्या होत्या. काय काढले, असे मी विचारले. "पिशवी काढली, साहेब. आता आत काय राहिलंय?" याहून अधिक त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

संपूर्ण शस्त्रक्रियेत गर्भाशय मुखासह निघते. अपूर्ण शस्त्रक्रियेत मुख जागीच राहते. तेथे आतील अस्तराचा अंश उरला असेल तर दरमहा किंचित रक्तस्राव होऊ शकतो. परंतु त्या मुखाला कर्करोगही होऊ शकतो. म्हणून 'पिशवी गेली, तपासणी संपली' हा समज घातक होय. सरकारी कार्यक्रमात तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांची मुखतपासणी दर पाच वर्षांनी करावयाची असते. मुख शिल्लक असलेल्या स्त्रीलाही ती हवीच. अवेळी रक्त, संबंधानंतर रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल, तर पाच वर्षे थांबू नये.

आता कायद्याकडे वळतो. सज्ञान स्त्रीच्या शरीरातून काय काढावे याची संमती तिचीच हवी. ती बेशुद्ध असता आईने दिलेली संमती चालणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. मग नवऱ्याची वा मुकादमाची सही कोठून चालेल? २००२ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावयाची आहेत. मात्र दप्तर जपण्याचे बंधन तीनच वर्षांचे! तेव्हा नक्कल घरी येतानाच मागून घ्या, आणि 'मुख ठेवले की काढले' हे त्यात लिहिले आहे काय, ते कोणाकडून तरी वाचवून घ्या.

त्या बाईंच्या शस्त्रक्रियेस पाच वर्षे लोटली होती. दप्तर नष्ट केल्याचे उत्तर आले. शेवटी सरकारी रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी साध्या तपासणीत मुख शिल्लक असल्याचे पाहिले आणि त्याच दिवशी नमुना घेतला.