आठव्या दिवसापासूनचा खर्च



हळदीच्या थप्पीवरून घसरलेला हिंगोलीचा हमाल, अकोला-नांदेड रस्त्यावर दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण आणि ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडलेली मजूर स्त्री, या तिघांची दुखापत एकच असू शकते : मेंदूला बसलेला मार. जीव वाचला की समाज सुटकेचा निःश्वास टाकतो. कुटुंबाची परवड मात्र तेथूनच सुरू होते.

रुग्ण कितपत सावरेल हे वय, आघाताची तीव्रता आणि बेशुद्धीचा काळ यांवर अवलंबून असते. तीव्रता मोजण्यासाठी टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगो येथे मोजपट्टी तयार केली. ३ ते १५ गुणांच्या या पट्टीवर ८ वा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. परंतु पहिल्या काही तासांत प्राणवायू कमी पडला वा रक्तदाब घसरला, तर मेंदूची दुसऱ्यांदा हानी होते. म्हणून सेनगाव वा औंढ्याच्या खेड्यापासून सुसज्ज रुग्णालयापर्यंतचे अंतर हाही रोगनिदानाचाच भाग ठरतो.

पुढचे यश फिजिओथेरपी, व्यवसायोपचार आणि वाचा-उपचार किती लवकर व किती सातत्याने मिळतात यावर ठरते. हातपाय चालू लागले तरी स्मृती, एकाग्रता आणि रागावरचा ताबा बिघडलेला राहू शकतो. मग ‘बरा झालेला’ माणूस कामावर टिकत नाही.

रुग्णालयाचे बिल सर्वांना दिसते. बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे, सावकाराचे व्याज, शाळा सुटलेली मुलगी आणि पत्नीची विनावेतन शुश्रूषा मात्र कोणत्याही ताळेबंदात येत नाही. शासनाने टाळलेला खर्च नाहीसा होत नाही. तो गरिबाच्या घरात ढकलला जातो.

केंद्र सरकारने २०२५ साली रस्ते-अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. तिची मुदत ७ दिवसांची. गंभीर इजा झालेला रुग्ण तेवढ्यात पुष्कळदा शुद्धीवरही येत नाही. थप्पीवरून पडलेला हमाल तर या योजनेत बसतच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. मेंदूच्या आघाताला त्यांत स्वतंत्र स्थान नाही. लुळ्या हाताला प्रमाणपत्र मिळते, हरवलेल्या स्मृतीला ते मिळवणे दुष्कर होते.

हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तेथे मेंदू-आघात पुनर्वसनाचा पूर्ण विभाग, प्रत्येक तालुक्यात नियमित फिजिओथेरपी आणि शुश्रूषा करणाऱ्या नातलगास निर्वाहभत्ता, या मागण्या पक्षाने हाती घेतल्या पाहिजेत. १९६९ चा माथाडी कायदा आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा याच महाराष्ट्राने केला. कामाचा हक्क मानणाऱ्या राज्याला कामावर परतण्याचा हक्क नाकारता येणार नाही.