दुर्बिणीतून की पोट उघडून?



मस्कतमधल्या आपल्या बायकांची एक सवय डॉक्टर म्हणून मला काळजीत टाकते. पोटात दुखतं, सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसते आणि उत्तर येतं, "बघू, सुट्टीला गावी गेलो की." खरं सांगायचं तर बऱ्याच गाठी निरुपद्रवी असतात. पाळी चालू असण्याच्या वयात पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, नुसत्या पाण्याच्या गाठी दोन-तीन महिन्यांत बहुधा आपोआप विरतात. पण अचानक असह्य कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा मुंबईच्या विमानाची वाट बघू नका, इथलंच हॉस्पिटल गाठा. उशिराने अंडाशय गमवावं लागू शकतं.

ऑपरेशन ठरलंच, तर कसं करायचं? दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि अर्ध्या ते एक सेंटिमीटरच्या तीन-चार छेदांतून गाठ काढतात. कोक्रेन संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात १२ चाचण्या आणि ७६९ स्त्रिया होत्या. दुर्बिणीच्या गटात दुखणं कमी, गुंतागुंत कमी आणि हॉस्पिटलमधला मुक्काम जवळजवळ तीन दिवसांनी कमी. पोट उघडल्यावर पूर्ववत व्हायला चार ते सहा आठवडे जातात, दुर्बिणीनंतर बहुधा एक-दोन.

मग पोट उघडायचंच कशाला? कॅन्सरची शंका असेल, गाठ फार मोठी असेल किंवा आतडी चिकटलेली असतील, तर तोच मार्ग सुरक्षित ठरू शकतो. कधी दुर्बिणीने सुरुवात करून मध्येच पोट उघडावं लागतं. त्याला डॉक्टरांची चूक समजू नका. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न मात्र जरूर विचारा: गाठ कसली वाटते? अंडाशय वाचेल का?

१९९० साली डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली, ती मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. म्हणजे ही श्रीमंतांची चैन नव्हे. हातावर पोट असणारी बाई सहा आठवडे घरी बसली, तर चूल कशी पेटेल? तिला लवकर उभं राहता यावं, म्हणून यंदाचा आपला निधी. आपण सढळ हाताने द्याल, अशी खात्री आहे.