पोच घेतली का?

श्रोतेहो, नगरसेवकाच्या वागणुकीबद्दल तक्रार कशी करावी, हा आजचा विषय. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून शेवटी सांगायचं ते आधीच सांगून टाकतो : अर्ज दिलात की पोच घ्या. मध्येच कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी आलं आणि बाकीचं ऐकायचं राहून गेलं, तरी एवढं ध्यानात ठेवा.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा या आठ नगरपरिषदा. लोहारा आणि वाशी या दोन नगरपंचायती. नगरपरिषदांवर प्रशासक होता तेव्हा आपली ओरड होती की गाऱ्हाणं सांगायला नगरसेवकच नाही. 2025 च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, आणि आता ओरड आहे की नगरसेवक गाऱ्हाणं ऐकत नाही. चहाच्या टपरीवर तक्रारींना तोटा नाही. कागदावर मात्र काय येतं, ते मी सांगतो. नोकरीत मी बराच काळ बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावकच्या, टेबलावर बसलेला माणूस आहे. अर्ज यायचा तो असा : 'आमच्या वॉर्डाचे नगरसेवक मनमानी करतात, गोरगरिबांना वेठीस धरतात, तरी त्यांच्या गैरकारभाराची सखोल चौकशी होऊन कडक कारवाई व्हावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' खाली पानभर सह्या. तारीख नाही, गल्लीचं नाव नाही, सोबत एक चिठोरं जोडलेलं नाही. आता सांगा, साहेबांनी चौकशी करायची तरी कशाची? मनमानीची?

भूमकडं खव्याच्या भट्टीवर कधी उभे राहिलात का? कढईत पाचेक लिटर दूध पडतं, तेव्हा कुठं किलोभर खवा हाताला लागतो. बाकीची सगळी वाफ. तक्रारही अशीच आटवावी लागते, मंडळी. राग आहे, तो असायलाच हवा, दुधाशिवाय खवा होत नाही. पण कढईभर दूध तसंच उचलून कार्यालयात नेलं तर ते वाटेतच सांडतं. त्यात ऐकीव गोष्टींचं पाणी घातलं, तर आटवता आटवता रात्र होईल आणि हाताला काही लागणार नाही. आणि जाळ मोठा करून उलथनं सोडून दिलं, शिवीगाळ, जातपात, घरच्या बायामाणसांची नावं अर्जात आली, की खालून लागलंच म्हणून समजा. लागलेला खवा व्यापारी नुसत्या वासावरून परत करतो.

मग आटवून काय उरावं? एवढंच : 'अमुक गल्लीतल्या नालीचं काम अमुक तारखेच्या ठरावानं मंजूर झालं. त्या ठेक्यात नगरसेवकाची भागीदारी आहे. ठरावाची आणि भागीदारीच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे.' चार ओळी झाल्या. ठरावाची प्रत कुठून आणायची? माहितीच्या अधिकारात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, नगरपरिषदेच्या जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज द्या. माहिती द्यायला त्याला तीस दिवसांची मुदत आहे. आणि त्या अर्जाचीही पोच घ्या!

आता हा कागद न्यायचा कुठं? इथं आपली माणसं हमखास चुकतात. आमदाराकडं जातात, पक्षाच्या जिल्हाध्यक्षाकडं जातात, मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटून येतात. मुख्याधिकारी नगरसेवकाला घरी बसवू शकत नाही, तो अधिकारच त्याला नाही. आपल्याला लागू आहे तो 1965 चा महाराष्ट्र नगरपरिषदांचा कायदा. त्याचं कलम 44 पाहा. पालिकेच्या ठेक्यात स्वतःचा, नवऱ्याचा, बायकोचा किंवा भागीदाराचा हिस्सा असणं, बेकायदा बांधकाम करणं, रजा न घेता महिनोन्‌महिने सभेला गैरहजर राहणं, अशा कारणांनी नगरसेवकपद जाऊ शकतं. त्याचा निर्णय करतात जिल्हाधिकारी, आणि त्यांच्याकडं अर्ज कुणालाही करता येतो. कुणालाही म्हणजे तुम्हालासुद्धा. कामातल्या गैरवर्तनाचा किंवा लाजिरवाण्या वर्तनाचा मामला असेल, तर कलम 42, आणि तिथं अधिकार राज्य शासनाचा. लाच मागितली असेल, तर अर्जफाट्याच्या भानगडीत पडू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक फिरवा, पैसे देण्याच्या आधी. आणि फोन उचलत नाही, लग्नाला आला नाही, नमस्कार घेतला नाही, ही कारणं कुठल्याच कलमात बसत नाहीत. त्यांचा हिशेब पाच वर्षांनी मतदान यंत्रावर करायचा.

एक गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली, आणि ती नीट ऐका. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. निकालात धाराशिवचं नाव जुनंच, उस्मानाबाद असं आहे, कारण प्रकरण जुनं. उस्मानाबादच्या एका नगरसेवकावर आरोप होता की परवानगीपेक्षा जास्त घरं बांधली. नळदुर्गच्या नगराध्यक्षांवर आरोप होता की एका निविदेत दुसऱ्या क्रमांकाच्या ठेकेदाराला बोलावलंच नाही. मंत्र्यांनी दोघांनाही अपात्र ठरवलं, वर सहा वर्षं निवडणूक लढवायची बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयानं ते सगळं रद्द केलं. कारवाई अन्यायाची आणि आरोपाच्या मानानं फारच जबर आहे, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या वरच्या राजकीय धन्यांच्या लहरीवर काढता येणार नाही, असंही बजावलं.

कुणी म्हणेल, म्हणजे तक्रार करून उपयोग नाही. असा अर्थ काढू नका. उलटं आहे. नगरसेवकाला उत्तर द्यायची संधी मिळणार, सुनावणी होणार, तुमचा शब्दन्‌शब्द उलटा करून पाहिला जाणार. मनाई वशिल्यावर उचलबांगडी करण्याला आहे. जो वशिला आज तुमच्या नावडत्या नगरसेवकाला उडवतो, तोच उद्या तुमच्या आवडत्यालाही उडवेल. म्हणून वशिला नको, पुरावा हवा. आणि पुराव्याचा पहिला कागद कोणता?

पोच. मी पुन्हा पुन्हा सांगतोय, कंटाळू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक बारनिशीत द्या. दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. 'साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा, देतो मी' असं कुणी म्हटलं, तर गोड हसून तिथंच बसा. शिक्का मारायला साहेब लागत नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला म्हणजे अर्ज दिला, असं होत नाही रे बाबांनो! सहा महिन्यांनी विचारायला जाल, तेव्हा पहिला प्रश्न येईल : आवक क्रमांक काय? तो नसेल, तर तुम्ही कधी आलाच नव्हतात. परगावी असाल तर स्पीड पोस्टानं पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा.

तरीही दाद लागली नाही, तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथला अर्ज ठरलेल्या नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, ऐन सोमवारी उगवून चालत नाही. तिथं हीच पोच दाखवायची.

गर्दीच्या सह्यांबद्दलही बोलायचं होतं. पानभर सह्या घेता आणि सुनावणीला एकजण येत नाही. त्यापेक्षा तिघंच सह्या करा, पण तारखेला तिघंही हजर राहा. आमच्या मायभगिनींनी तर... बरं, काचेपलीकडून खूण झालीये. ग्रामपंचायत सदस्याची वाट वेगळी आहे, तेही सांगतो पटकन. तिथं 1958 चा कायदा लागतो, कलम 39, आणि चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत होते, मग पुढं विभागीय आयुक्त... ते आता पुढच्या वेळी, बोलावलं तर.